अँथुरियमच्या पानांच्या कडा करपत आहेत आणि नवी फुले हिरवी येत आहेत : सावली कमी की जास्त?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली, एप्रिल)

नमस्कार. गेल्या डिसेंबरमध्ये मी एका रोपवाटिकेतून लाल अँथुरियमची दोन रोपे आणली. तेव्हा प्रत्येक रोपावर चार-पाच फुले होती आणि ती जवळजवळ दोन महिने जशीच्या तशी टिकली. हे सावलीतले झाड आहे एवढेच मला सांगण्यात आले होते, म्हणून दोन्ही कुंड्या दिवाणखान्यात, खिडकीपासून आठ-दहा फुटांवर ठेवल्या. महिनाभराने रोपे मूळच्या लहान प्लॅस्टिकच्या कुंडीतून काढून मोठ्या मातीच्या कुंडीत लावली. त्यासाठी शेतातून आणलेली काळी माती आणि चांगले कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घेतले. गुलाब, जास्वंद आणि मोगरा मी याच मिश्रणात वर्षानुवर्षे लावत आले आहे आणि ती झाडे उत्तम आहेत.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून रोपांची रया गेली. आधीची लाल फुले हळूहळू हिरवट झाली. त्यानंतर प्रत्येक रोपाला एकेकच नवे फूल आले आणि तेही सुपारीएवढे, उमलतानाच हिरवट. पानांच्या कडा टोकापासून करपू लागल्या आहेत. करपलेला भाग तपकिरी कागदासारखा वाळतो आणि त्याच्या व हिरव्या भागाच्या मध्ये एक बारीक पिवळी रेघ दिसते. उजेड कमी पडत असेल असे वाटून मार्चमध्ये कुंड्या उत्तरेकडच्या बाल्कनीत ठेवल्या, तर शेजारच्या काकूंनी ऊन लागत असेल असे सांगितल्यामुळे पुन्हा आत आणल्या. पाणी रोज एक तांब्या घालते. ते आमच्या इमारतीच्या बोअरचे आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला आहे आणि नखाने खरवडला तर त्याचे पापुद्रे निघतात.

माझी चूक सावलीच्या बाबतीत होत आहे का? सांगलीच्या उन्हाळ्यात हे झाड जगवता येईल का? घरात तीन वर्षांचा नातू आहे आणि हे झाड विषारी असते असेही कोणी म्हणाले. त्याबद्दलही कृपया सांगावे.


उत्तर १ (मिरज)

ताई, नमस्कार. आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निदानाला फारसा वाव उरलेला नाही. आपला दोष सावलीत थोडा आहे आणि कुंडीत पुष्कळ आहे. काठावरचा पांढरा थर आणि टोकापासून करपणाऱ्या कडा या दोन्ही गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवतात : मुळांभोवती क्षार साचले आहेत आणि मुळांना हवा मिळत नाही.

अँथुरियम मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांच्या दमट जंगलांतील. एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतिसंग्राहकाला ते १८७६ मध्ये कोलंबियात मिळाले आणि त्याच्याच नावावरून या जातीला अँथुरियम आंद्रेयानम हे नाव पडले. तिथल्या जंगलात ते पुष्कळदा झाडाच्या फांद्यांवर, शेवाळ आणि कुजलेल्या पानांच्या आधाराने वाढते. आपल्या महाबळेश्वरच्या जंगलात जांभळीच्या फांदीवर आमरी (ऑर्किड) कशी बसलेली असते ते आठवावे. या दोन वनस्पतींचे नाते काही नाही, पण राहणी तीच. अशा मुळांवर स्पंजासारखे जाड आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी शोषून घेते आणि नंतर वाऱ्याने मुळे पुन्हा मोकळी होतात. ओले होणे आणि श्वास घेणे असा त्यांचा दिनक्रम असतो. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि ती दिवसेंदिवस चिकट राहते. गुलाबाला आणि जास्वंदीला ती चालते, कारण ती जमिनीतली झाडे आहेत. अँथुरियमची मुळे तीत गुदमरून कुजतात.

फुलांच्या रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ज्याला लाल फूल म्हणतो ते खरे फूल नव्हे. ते एक रंगीत, मेणचट पान आहे, ज्याला वनस्पतिशास्त्रात महाछद म्हणतात. खरी फुले मधल्या कणसावर दाटीने बसलेली असतात आणि फार बारीक असतात. पावसाच्या सुरुवातीला कासच्या बाजूला दिसणारा सापकांदा किंवा परसातले अळू आणि सुरण याच कुळातले आहेत, त्यामुळे ही रचना आपल्याला नवी नाही. महाछद जुना झाला की हिरवट होतो आणि तो त्याचा नैसर्गिक शेवट आहे. त्यामुळे डिसेंबरच्या फुलांबद्दल चिंता करू नये. मात्र नवे फूल जन्मतःच लहान आणि हिरवट येणे हे झाडाची ओढाताण होत असल्याचे लक्षण आहे. अँथुरियममध्ये एका पानाच्या बेचक्यातून एक फूल हा हिशेब असतो. वर्षाला सहा ते आठ पाने आली तर तितकीच फुले येतात. पान लहान आले की त्याच्या वाट्याचे फूलही लहानच येणार, म्हणून फुलाकडे न पाहता आधी पानाकडे आणि पानाच्या आधी मुळाकडे पाहावे.

आता करायचे काय. उन्हाची वेळ टाळून, संध्याकाळी, रोप कुंडीतून अलगद काढावे आणि मुळे बादलीभर पाण्यात हलवून माती पूर्ण धुऊन टाकावी. निरोगी मूळ पांढरट, भरलेले आणि बोटाला टणक लागते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखी शीर उरते. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत. नव्या माध्यमात माती अजिबात नको. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, विटांचे तुकडे एक भाग आणि लोणारी कोळसा एक भाग हे मिश्रण मी अनेक वर्षे वापरतो. सोडणाचे तुकडे तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावेत, कारण त्यांच्यातही मुळात क्षार असतात आणि पहिले पाणी चहासारखे लाल निघते. कोकोपीट वापरणार असाल तर ही धुण्याची काळजी दुप्पट घ्यावी. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा जेमतेम दोन बोटे मोठी असावी. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल ही समजूत इथे उलटी पडते, कारण रिकाम्या जागेतला ओलावा लवकर सुकत नाही.

नातवाबद्दल : झाडाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळवाने घसा खवखवतो त्याचेही कारण हेच. पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते. तसे झाल्यास तोंड धुऊन डॉक्टरांना दाखवावे. कुंडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी आणि छाटणी केल्यावर आपले हात साबणाने धुवावेत.


उत्तर २ (सातारा)

वरील उत्तरातील मुळांविषयीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, परंतु उजेडाच्या प्रश्नावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझी स्वतःची दोन वर्षे त्यातच वाया गेली. सावलीतले झाड म्हणजे अंधारातले झाड असा अर्थ मी घेतला होता. खिडकीपासून आठ-दहा फुटांवर आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड झाडाला अगदीच अपुरा असतो. झाड त्या उजेडात मरत नाही, पानेही हिरवीगार राहतात, देठ मात्र लांबत जातात आणि फुले थांबतात. दोन वर्षे मला वाटत होते की माझे झाड निरोगी आहे. ते निरोगी होते, पण उपाशी होते.

उजेड मोजण्याचे यंत्र घरी नसते, म्हणून मी एक साधी खूण वापरतो. दुपारी बाराच्या सुमारास पानांच्या वर हातभर अंतरावर तळहात धरावा. पानावर हाताची सावली ठळक, बोटन् बोट मोजता येईल अशी पडली तर ऊन जास्त आहे. सावलीच दिसत नसेल तर उजेड कमी आहे. कडा पुसट असलेली, पण हात आहे एवढे कळणारी सावली पडली तर ती जागा योग्य. या खुणेने पाहिले तर आपली उत्तरेकडची बाल्कनीच बरोबर जागा आहे आणि तिथून कुंड्या हलवायला नको होत्या. मात्र मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि उत्तरेच्या बाल्कनीतही सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन येते, तेवढे महिने एक पडदा किंवा शेडनेटचा तुकडा बांधावा. पूर्वेच्या बाल्कनीतले सात-साडेसातपर्यंतचे कोवळे ऊन माझ्या झाडांना मानवते, त्यानंतरचे नाही.

हवामानाबाबत सातारा आणि सांगली यांत फरक आहे, तो ध्यानात घ्यावा. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरते आणि मग झाड महिना-दीड महिना स्तब्ध होते. त्या काळात पाणी निम्म्यावर आणावे लागते आणि खत बंद करावे लागते. आपल्याकडे कसोटी उलट, म्हणजे एप्रिल-मेमध्ये आहे. ३५ अंशांच्या वर आणि कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी उडण्याचा वेग इतका वाढतो की सुदृढ मुळेही पुरी पडत नाहीत. यावर पानांवर वारंवार पाणी फवारण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो मी करत नाही. क्षाराचे डाग पडतात आणि रोग पसरतो. त्याऐवजी पसरट परातीत खडी भरून तीत पाणी ठेवावे आणि खडीवर कुंडी ठेवावी, मात्र कुंडीचे बूड पाण्याला टेकता कामा नये. शिवाय चार-पाच कुंड्या एकत्र ठेवाव्यात. झाडांच्या घोळक्यात हवा थोडी ओलसर राहते, हा फरक हाताला जाणवतो.


प्रश्नकर्ती (विश्रामबाग, सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी एक रोप काढून पाहिले. मुळांची साल खरोखर मोज्यासारखी निघाली. सुमारे निम्मी मुळे गेली आहेत. नारळाची सोडणे भिजत घातली आहेत आणि पहिले पाणी खरेच चहाच्या रंगाचे आले.

आता अडचण पाण्याची आहे. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून घेतला, तर बोअरचा ११०० च्या वर निघाला. महापालिकेचे कृष्णेचे पाणी त्याच्या तुलनेत बरेच कमी, परंतु ते दिवसाआड येते. इमारतीत पाणी मृदू करणारे यंत्र बसवले आहे, त्याचे पाणी चालेल का? लिंबू पिळून किंवा व्हिनेगर घालून बोअरचे पाणी सुधारते असेही वाचले. कुणाला अनुभव असल्यास सांगावे.


उत्तर ३ (वाळवा तालुका)

ताई, मी दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये अँथुरियम घेतो, आणि पहिल्याच वर्षी पाण्यानेच मला धडा शिकवला असल्यामुळे या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या भागातल्या कोणत्याही ऊसकऱ्याला क्षारपड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. काळ्या रानात पाटाने भरमसाट पाणी दिले, निचरा झाला नाही, पाणी वर येऊन उडून गेले आणि क्षार मागे राहिले. चार-पाच वर्षांत रान पांढरे दिसू लागते. आपल्या कुंडीत चार महिन्यांत तेच घडले आहे. रोज एक तांब्या म्हणजे ओल टिकेल एवढे, पण खालच्या भोकातून वाहून जाईल इतके नाही. त्यातले पाणी झाडाने प्याले आणि हवेत उडाले, क्षार मात्र रोज थोडे-थोडे साचत गेले. मातीची कुंडी अंगाने पाणी सोडते, म्हणून ते काठावर उमटले. मातीच्या कुंडीने तुम्हाला निदान खूण तरी दाखवली; प्लॅस्टिकच्या कुंडीत तेही कळले नसते.

या झाडाला क्षार सहन होत नाहीत. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे आम्ही ज्याला ईसी म्हणतो ती, अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेली बरी. ईसी १ म्हणजे टीडीएस ढोबळमानाने ६४० धरतात, यावरून आपले बोअरचे पाणी कुठे बसते ते लक्षात येईल. माझ्या विहिरीचे पाणी उसाला उत्तम होते, म्हणून मी ते तपासलेच नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात चौथाई रोपांची पाने अशीच कडेने करपली. त्यानंतर शेडनेटच्या शेजारी शेततळे काढून पावसाचे पाणी साठवले आणि तेव्हापासून उन्हाळ्यात दोन भाग पावसाचे व एक भाग विहिरीचे असे मिसळून देतो.

मृदू केलेले पाणी कृपा करून कोणत्याच कुंडीला घालू नका. त्या यंत्रात पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घातले जाते. साबणाला फेस येतो, पण क्षार तेवढेच राहतात आणि सोडियम झाडाला अधिक घातक असते. लिंबू किंवा व्हिनेगर यांच्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो आणि बायकार्बोनेट कमी होते, हे खरे. अँथुरियमला ५.५ ते ६.५ एवढा सामू मानवतो, म्हणून मध्यम प्रतीच्या पाण्याला त्याचा उपयोगही होतो. मात्र त्याने मीठ निघून जात नाही. ११०० टीडीएसचे पाणी आंबट केले तरी खारटच राहते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर सोडले जाणारे टाकाऊ पाणी अनेक जण काटकसर म्हणून झाडांना देतात. त्यात तर क्षार एकवटलेले असतात. त्याच यंत्राचे पिण्याचे पाणी चालते.

तुमच्या दोनच कुंड्या आहेत, त्यामुळे मार्ग सोपा आहे. नळाला कृष्णेचे पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या उघड्या ठेवून भरून घ्या आणि तेच वापरा. माध्यमाचा वरचा इंचभर थर सुकल्यावर पाणी द्यावे, आणि देताना इतके द्यावे की खालच्या भोकातून धार निघावी. ताटलीत जमलेले पाणी लगेच ओतून टाकावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते, पण दिवस मोजण्यापेक्षा बोट घालून पाहणे खरे. जून लागला की गच्चीच्या पन्हळीखाली पिंप लावा. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीचे असते, ते जाऊ द्या.

खताचेही इथेच सांगतो. नव्याने लावल्यानंतर महिनाभर काहीही देऊ नये. जखमी मुळांना खत म्हणजे पुन्हा क्षारच. पुढे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्याच्या मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. पावसाच्या आणि शुद्ध केलेल्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि ते कमी पडले तर लाल महाछदाच्या कडा तपकिरी होऊन फूल बाद होते. ही दोन खते एकत्र कालवू नयेत, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. शेणखत आणि गांडूळखत या झाडाला टाळावे, कारण त्यांनी सोडणांमधल्या पोकळ्या बुजतात.

एका रोगाबद्दल सावध करतो. पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखे डाग आणि त्यांच्याभोवती पसरत जाणारी पिवळी किनार दिसली, तर तो क्षार नसून जिवाणूजन्य करपा असू शकतो. हवाई बेटांवर १९८० च्या दशकात या रोगाने अँथुरियमच्या बागाच्या बागा गेल्या. एकदा झाडाच्या आत शिरल्यावर त्यावर खात्रीचे औषध नाही. क्षाराने करपलेली कड कोरडी असते आणि सर्व जुन्या पानांवर साधारण सारखी दिसते. रोगाचा डाग तेलकट असतो, एखाद्याच पानावर सुरू होतो आणि पान उजेडासमोर धरले की तो आरपार दिसतो. तुमचे वर्णन पहिल्या प्रकारचे आहे. तरीही दोन रोपांच्या छाटणीमध्ये कात्री स्पिरिटने पुसावी. शेडनेटमध्ये आम्ही रोपागणिक पुसतो.


प्रश्नकर्ती (विश्रामबाग, सांगली, ऑगस्ट)

एप्रिलमध्ये लिहिल्यानंतर आज पुन्हा लिहीत आहे, कारण ज्यांनी वेळ काढून उत्तरे दिली त्यांना पुढे काय झाले ते कळायला हवे. दोन्ही रोपे मे महिना तगली, पण जुनी पाने एकेक करून गेली आणि एका रोपावर तर दोनच पाने उरली. जूनच्या मध्यापर्यंत काहीच हालचाल नव्हती. मग पन्हळीच्या पिंपातले पाणी सुरू केले आणि महिनाभरात पहिले पान आले. नवे पान तांबूस, काचेसारखे तुकतुकीत आणि इतके मऊ होते की बोट लावायची भीती वाटावी. आठवड्यात ते हिरवे आणि ताठ झाले आणि त्याच्या कडा पूर्ण शाबूत आहेत. आता तिसरे पान उलगडते आहे आणि दुसऱ्या पानाच्या बेचक्यातून पेन्सिलीच्या टोकासारखी एक लाल कळी वर आली आहे. हाताच्या सावलीची खूण रोज दुपारी पाहते. नातूही हात धरून पाहतो, पण कुंड्या उंच मांडणीवर आहेत.

एकच शंका उरली आहे. मोठ्या रोपाच्या बुंध्याला बाजूने एक फुटवा आला आहे, त्याला दोन लहान पाने आहेत. शिवाय खोडाच्या वरच्या भागातून दोन-तीन मुळे हवेतच बाहेर आली आहेत. फुटवा आता वेगळा करावा का, आणि ही मुळे कापावीत का?


उत्तर १ (मिरज)

ताई, फार आनंद झाला. हवेतली मुळे अजिबात कापू नयेत. तीच पुढची खरी मुळे आहेत. नारळाच्या काथ्याचा ओला बोळा त्यांच्याभोवती सैल गुंडाळून ठेवावा आणि तो सुकू देऊ नये, म्हणजे ती खाली वळून माध्यमात शिरतील. फुटवा इतक्यात वेगळा करू नये. मूळ झाड आत्ताच आजारातून उठले आहे आणि थंडी तोंडावर आली की वाढ मंदावेल. फुटव्याला चार पाने आणि स्वतःची निदान तीन बोटभर मुळे येऊ द्यावीत. पुढच्या जूनमध्ये, पिंपात पावसाचे पाणी जमू लागले की, वरचे माध्यम बाजूला सारून ती मुळे दिसतात का ते पाहावे आणि दिसली तरच धारदार, पुसलेल्या सुरीने जोड कापावा.